फिनिक्समधली त्वचा: दवबिंदूच्या हिशोबाने एक वर्ष

रत्नागिरीत माझं गणित सोपं होतं. डिसेंबरात कोल्ड क्रीम, बाकी वर्षभर घाम पुसायचा. तेच गणित मी इथे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, वाळवंटातल्या फिनिक्स शहरात येऊन दोन वर्षं चालवलं: उकाडा वाढला की जाड क्रीम बंद, हलकं जेल सुरू. दर मे महिन्यात गाल उलायचे, नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे निघायचे, सनस्क्रीन लावलं की चुरचुरायचं. मी सनस्क्रीन बदलत राहिले. खरं कारण हवेत होतं.

डोळे उघडले ते २०२३ मध्ये. त्या उन्हाळ्यात फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला, टेकला किंवा त्याच्या वर गेला. इथला मान्सून कागदोपत्री १५ जून ते ३० सप्टेंबर. पण त्या वर्षी तो जवळजवळ आलाच नाही. इथल्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा मान्सून ठरला. मी मात्र कॅलेंडर बघून जून संपताच जेलवर आले होते. जुलैच्या मध्यावर हसलं तरी गाल ताणायचे.

म्हणून गेल्या ऑक्टोबरपासून रोज तीन गोष्टी वहीत लिहिते: त्या दिवसाचा दवबिंदू, बेडरूममधल्या आर्द्रतामापकाचा आकडा, आणि दुपारी तीनला गाल कसा लागतो ते. दवबिंदू म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड झाली की दव धरू लागेल तो आकडा. आर्द्रतेची टक्केवारी फसवते, कारण हवेत पाणी तेवढंच असलं तरी सकाळी ती ३० दिसते आणि दुपारी तापलं की ८ वर येते. दवबिंदू तसा उड्या मारत नाही. पूर्वी इथला मान्सूनही त्यावरच ठरायचा: सलग तीन दिवस सरासरी दवबिंदू ५५ फॅरनहाइट किंवा जास्त, की मान्सून लागला. २००८ पासून ठरावीक तारखा आल्या. माझ्या चेहऱ्याला जुनाच नियम मानवतो.

वहीतून स्पष्ट दिसलं ते हे, की इथे उन्हाळे दोन आहेत. एप्रिल ते जूनअखेर कोरडा, जुलै ते सप्टेंबर दमट. थर्मामीटरवर दोन्ही जवळपास सारखेच, त्वचेसाठी दोन वेगळी गावं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली नोंद: दवबिंदू २४ (वहीतले सगळे दवबिंदू फॅरनहाइटमध्ये), घरात आर्द्रता १४ टक्के, गाल खरबरीत. त्या दिवशी हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं सीरम कोरड्या चेहऱ्यावर लावून तसंच सोडलं होतं. वीस मिनिटांत चेहऱ्यावर खळ घातल्यासारखं झालं. असे घटक पाणी धरून ठेवतात, पण धरायला पाणी हवं ना. १४ टक्क्यांच्या हवेतून ते येणार नाही, आणि वर झाकण नसेल तर आहे तेही उडून जातं.

तेव्हापासून क्रम असा. चेहरा धुतल्यावर पुसायचा नाही, नुसता टिपायचा, हनुवटीवर थेंब राहिले पाहिजेत. त्यावर ग्लिसरीनचं सीरम. मिनिटभराच्या आत सेरामाइडचं, म्हणजे त्वचेत मुळात असतात तसल्या स्निग्ध घटकांचं, क्रीम. मग हरभऱ्याच्या डाळीएवढी पेट्रोलियम जेली दोन बोटांत चोळून पातळ करायची आणि गालांवर फक्त दाबायची. चोळली तर खालचा थर गोळा होतो. कपाळ आणि नाक सोडून द्यायचं, तिथे पुटकुळ्या येतात. नऊ दिवसांत पापुद्रे गेले, आणि त्याच जुन्या सनस्क्रीनची चुरचुर थांबली. कोरड्या उन्हाळ्यात हलकं लावायचं हा सल्ला दमट गावाचा आहे. इथे मे-जूनमध्ये जानेवारीपेक्षा जाड थर लागतो, हे मी आता ठामपणे सांगते.

याच काळात ट्रेटिनॉइन, म्हणजे त्वचा कोरडी करणारं, सोलवटणारं औषधी क्रीम, आठवड्यातून एकाच रात्रीवर आणलं. आणि एसीची जाळी फिरवली, कारण तिचा झोत थेट उशीवर येत होता. उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त का उलतो, हे कोडं त्या जाळीने सोडवलं.

पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण नव्याने आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. इथलं पाणी सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं, शिवाय कालव्यातून येणारं कोलोरॅडोचं. जड पाणी. नळाच्या तोंडावर पांढरे क्षार धरतात, आणि साबणाचा थर चेहऱ्यावरून लवकर निघत नाही. त्यात जुलैमध्ये थंड पाण्याचा नळ सोडला तरी पाणी चक्क ऊन येतं, कारण पाइप तापलेल्या जमिनीतून आलेले असतात. मिनिटभर वाहू दिलं तरी हात ठेवला की कोमटच. अशा पाण्याने दिवसातून दोनदा तोंड धुतलं की त्वचेचं उरलंसुरलं तेलही जातं. मी रात्रीच स्टीलचा तांब्या भरून घरात ठेवते. सकाळी त्या पाण्याचे फक्त हबके मारते, फेसवॉश नाही. फेसवॉश फक्त रात्री. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला तितका कुठल्याही महागड्या बाटलीने पडलेला नाही.

जूनमध्ये एक नुकसान झालं. व्हिटॅमिन सीचं सीरम टपालपेटीत दुपारभर राहिलं. पत्र्याची पेटी, समोरून पश्चिमेचं ऊन. बाटली हातात घेतली तर चटका बसला, आणि आतला फिकट पिवळा रंग विटकरी झालेला. ते टाकून दिलं. आता मे ते सप्टेंबर असलं काही मागवतच नाही, मार्चमध्ये घेऊन फ्रिजमध्ये ठेवते. सनस्क्रीनही गाडीत ठेवू नका. माझी एक ट्यूब फाटलेल्या दुधासारखी झाली, पाणी वेगळं आणि गोळे वेगळे.

सनस्क्रीनला ऋतू नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, बाहेर असले तर दर दोन तासांनी पुन्हा. मला गालांच्या हाडांवर वांग आहे. त्यासाठी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घेते, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. गाडीची पुढची काच बरीचशी अतिनील किरणं अडवते, बाजूच्या काचेचा भरवसा नाही. माझा डावा गाल आणि डावा हात जास्त रापलेले आहेत ते त्यामुळेच. गाडी चालवताना आता सुती बाह्या चढवते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दवबिंदू ५७. आदल्या संध्याकाळी धुळीची भिंत आली, रस्त्यापलीकडची घरं दिसेनाशी झाली, आणि मागून दहा मिनिटांचा पाऊस. क्रिओसोट या इथल्या वाळवंटी झुडपाचा ओला वास इथे आपल्या मृद्गंधाची जागा घेतो; मी दार उघडून उभी राहिले. धुळीच्या रात्री मात्र चेहरा दोनदा धुते, आधी तेलाने, मग फेसवॉशने. कानामागे आणि केसांच्या कडेलाही बोटं फिरवते, धूळ तिथे बसते.

दुसऱ्या दिवसापासून जेली बंद. चार दिवसांनी क्रीमही रात्रीपुरतंच, दिवसा नुसतं ग्लिसरीन आणि सनस्क्रीन. ट्रेटिनॉइन आठवड्यातून तीन रात्रींवर नेलं. ऐन उन्हाळ्यात! पण गाल मऊ होता, एकदाही सोललं नाही. एका वेळी एकच बदल आणि मध्ये किमान चार दिवस, एवढं पथ्य पाळलं. आठवडाभर दवबिंदू घसरला तेव्हा क्रीम दिवसाही परत आणलं, मग पुन्हा कमी केलं.

टाचांचा प्रश्न आईने सोडवला. फोनवर पहिलाच प्रश्न, "मुठेल लावतेस ना गो टाचांना?" गेल्या खेपेला तिने कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल, बांधून दिलं होतं. जानेवारीत ते इतकं घट्ट असतं की सुरीने खरवडून चमच्यात वितळवावं लागतं. रात्री दहा टक्के युरियाचं क्रीम, वर मुठेल, त्यावर मोजे. मेमध्ये मी ते गॅरेजमध्ये विसरले तर डब्यात नुसतं तेल. घरात आणल्यावर पुन्हा थिजलं. गुण तोच राहिला.

आज ऑक्टोबरची सहा तारीख. दवबिंदू ३८, घरात २२ टक्के, गाल ठीक पण संध्याकाळी जरा ओढतो. आज रात्रीपासून क्रीम दोन वेळा. जेलीची डबी कपाटातून काढून बेसिनजवळ ठेवली आहे, दवबिंदू ३० च्या खाली उतरला की उघडेन. या थंडीत गालांवर जेलीऐवजी मुठेल लावून बघायचं आहे, आधी फक्त डाव्या गालावर, दोन आठवडे. तुमच्यापैकी कुणी चेहऱ्यावर लावलं असेल तर पुटकुळ्या आल्या का ते नक्की कळवा.