एकाच तारखेचे दोन अंक

२४ डिसेंबर २०१८, सोमवार. दुपारी तीनच्या सुमारास गडहिंग्लजहून एक काका आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्याच पेपरचे दोन अंक आणि दोन्हींवर तारीख २२ डिसेंबर. एक त्यांच्या घरी आलेला, दुसरा इथल्या राजारामपुरीतल्या मेव्हण्याकडून मागून आणलेला. माझ्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पसरले, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, यातलं खरं कुठलं?"

त्यांच्या अंकात हेडिंग होतं, "तुमच्या कॉम्प्युटरवर आता सरकारची पाळत". मेव्हण्याच्या अंकात त्याच जागी, "कॉम्प्युटर तपासणीचे अधिकार जुनेच : केंद्र". दोन्ही हेडिंगं मीच दिलेली.

पेपरात काम न करणाऱ्यांना हे माहीत नसतं की एका तारखेचा पेपर सगळीकडे सारखा नसतो. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडे जाणारी गाडी लवकर सुटते म्हणून डाक आवृत्तीचं पान साडेनऊला सोडावं लागतं, शहर आवृत्ती साडेबारापर्यंत हलवता येते. मधल्या तीन तासांत काय काय बदलतं ते फक्त डेस्कला, म्हणजे बातम्या तपासून हेडिंग देणाऱ्यांना, माहीत असतं. दोन अंक शेजारी ठेवून बघणारा वाचक मला तोपर्यंत भेटला नव्हता.

शुक्रवारी काय झालं ते सांगतो. केंद्रीय गृह मंत्रालयानं गुरुवारी, २० तारखेला काढलेला आदेश सकाळपासून टीव्हीवर चालू होता. आयबी, ईडी, सीबीआय, एनआयए, रॉ, इन्कम टॅक्सवाले, दिल्लीचे पोलीस आयुक्त अशा दहा यंत्रणांना आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याच्या कलम ६९ खाली कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती घेण्याचे अधिकार. आदेशात तीन क्रियापदं, इंटरसेप्ट, मॉनिटर आणि डिक्रिप्ट, म्हणजे वाटेतच अडवून घेणं, लक्ष ठेवणं आणि कुलूपबंद असेल तर उलगडणं. आता हे मराठीत एका ओळीत कसं बसवायचं? 'देखरेख' म्हातारीकोतारी माणसांची करतात, 'टेहळणी' सीमेवर असते, 'हेरगिरी' शत्रूची करतात आणि 'पाळत' संशयितावर ठेवतात. यातला कुठलाही शब्द उचलला की बातमी एका बाजूला कलते, आणि चौघांपैकी एकही त्या तीन क्रियापदांचा अर्थ पुरता सांगत नाही. या कामात मी वीस वर्षं काढलीत आणि मला मनापासून वाटतं की बातमीचं निम्मं काम क्रियापदातच होऊन जातं, पण आमच्याकडे क्रियापदावर बोलायला कुणाला वेळ नसतो, फोटो मोठा घ्यायचा का यावर मात्र अर्धा तास जातो. (फोटो काय, तर किल्लीच्या भोकातून बघणारा डोळा. सगळ्यांनी तोच वापरला.)

मी 'पाळत' घेतला. ओळ उजवीकडे थोडी कमी भरत होती म्हणून 'आता' टाकला. नुसतं भरायला टाकला असं म्हणणं पण खोटं होईल, 'आता' घातल्याशिवाय ती आजची बातमी वाटतच नव्हती.

साडेनऊला पान गेलं. त्यानंतर वृत्तसंपादकांचा फोन आला, हेडिंग फार भडक झालंय, सरकारचा खुलासा वर घे. खुलासा दुपारीच आला होता, डाकच्या अंकात तो सहाव्या परिच्छेदात होता. नवीन अधिकार दिलेले नाहीत, २००९ च्या नियमांप्रमाणेच आहे, प्रत्येक प्रकरणाला केंद्रीय गृह सचिवांची परवानगी लागते, कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची आढावा समिती दर दोन महिन्यांनी निदान एकदा बसून सगळं तपासते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते हेडिंगमध्ये नेलं आणि तिथं ते दिलासा होऊन बसलं.

खरं तर शहर आवृत्तीसाठी मी एक परिच्छेद नव्यानं लिहिला होता आणि तो मला अजून पाठ आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, म्हणजे मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगाचे तेच, त्यांच्या डेटा संरक्षण समितीनं त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला होता. त्यात म्हटलं होतं की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या आढावा समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासायचं अशक्य काम असतं. बैठक दहा तास चालली असं धरलं आणि आदेश १५ हजारच धरले तरी एका आदेशाला अडीच सेकंदही मिळत नाहीत. हा परिच्छेद शेवटी होता. अकराच्या सुमारास जाहिरात विभागातून खालच्या पट्ट्याची जाहिरात आली, ऑपरेटरनं विचारलं किती ओळी काढू, मी म्हटलं खालच्या नऊ. बातमी खालून कापायची ही आमची सवय, विचार करायला लागत नाही. दोन्ही अंकांत मिळून जे वाक्य असायलाच हवं होतं ते असं गेलं. जाहिरातवाल्यांना मी तेव्हा दोष दिला, पण वरचा एखादा नेत्यांच्या आरोप-प्रत्यारोपांचा परिच्छेद काढता आला असता. तो चौदा ओळींचा होता.

काकांना मी चहा मागवला आणि आवृत्त्यांचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग आपल्या अंकातली एक ओळ दाखवली. निळ्या बॉलपेननं दोनदा अधोरेखित केलेली. "आदेशाचे पालन न केल्यास सात वर्षांपर्यंत तुरुंगवास." म्हणाले, "म्हणजे हे मेल-बिल ठेवलं तर सात वर्षं ना?"

मला क्षणभर कळेचना ते काय विचारतायत. मग कळलं. शिक्षा आहे ती यंत्रणेनं माहिती मागितल्यावर मदत नाकारणाऱ्याला. पण माझ्या वाक्यात पालन कुणी करायचं, कशाचं करायचं, काहीच नव्हतं. इंग्रजी कॉपीवरून, म्हणजे आलेल्या मूळ मजकुरावरून, घाईत उतरवलेलं वाक्य, त्यातला कर्ता मीच गाळला होता. काकांनी शनिवारी दुपारी नेट कॅफेतल्या पोराला सांगून सगळे मेल काढून टाकले होते, मुलगा मस्कतला असतो, त्याचे सहा-सात वर्षांचे मेल. पोरानं ट्रॅशसुद्धा रिकामं करून दिलं होतं.

"आताचे काढले ते ठीकच," ते म्हणाले, "पण शुक्रवारच्या आधीचे राहिले असते तरी चाललं असतं का? तेव्हा तर कायदा नव्हता."

मी सांगितलं, काका, कायदा होता. २६/११ नंतर महिनाभरात, २००८ च्या डिसेंबरमध्ये, संसदेनं जवळजवळ चर्चेविनाच ही दुरुस्ती मंजूर केली. तेव्हा सरकार दुसरं होतं. ऑक्टोबर २००९ पासून ती लागू आहे. आणि तुम्ही मेल ठेवले काय न् काढले काय, त्यासाठी तुम्हाला कुणी पकडणार नव्हतं.

ते बराच वेळ दोन्ही अंकांकडे बघत होते. मग म्हणाले, "मग आता का लिहिलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी घड्या घातल्या, अंक पिशवीत ठेवले, साडेचारची एसटी होती म्हणून गेले. मी खाली फाइल रूममध्ये जाऊन २००८ चा डिसेंबर काढला. सातव्या पानावर एका कॉलमात, पंधरा-सोळा ओळी, हेडिंग "सायबर गुन्हेगारांना चाप". पाळत, गृह सचिव, कलम ६९, यातलं काहीच नाही. तेव्हाही मी डेस्कवर होतो.

मी आपल्या पेपरचा खुलासा छापा म्हणून दोनदा सांगितलं. वृत्तसंपादकांचं म्हणणं, चूक काय झालीय, दोन्ही हेडिंगं बरोबरच आहेत. ते माणूस वाईट नाहीत, पण त्यांना चूक म्हणजे आकडा चुकणं किंवा नाव चुकणं एवढंच दिसतं. जानेवारीत सुप्रीम कोर्टानं या आदेशावर केंद्राला नोटीस काढली तेव्हा ती बातमी मी स्वतः लिहिली आणि कर्ता, कर्म, क्रियापद तीनदा तपासलं.

पाच वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरमध्येच, दूरसंचार विधेयक आलं. संसदेतून निलंबित झालेल्या विरोधी खासदारांचा आकडा १४६ वर गेला तो हाच आठवडा. फोन आणि मेसेज अडवण्याची तरतूद १८८५ च्या तार कायद्यातून या नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये आली. सगळीकडून येणाऱ्या कॉपीत वर काय, तर बनावट कागदपत्रांवर सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमचंही हेडिंग तेच झालं, ते मला अडवता आलं नाही. पण मी चौकट केली आणि पान लावायच्या आधीच तिची जागा धरून ठेवली, डाक आणि शहर दोन्हीकडे सारखी. पहिलं वाक्य असं, "तुमचा फोन ऐकायचा की नाही हे सरकारमधले अधिकारी ठरवतात, त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, आणि हे आजचं नाही." खाली श्रीकृष्ण समितीचे १५ ते १८ हजार.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डेस्कवर अकरा फोन आले. सगळे सिमकार्डाबद्दल. एक जण विचारत होता, दुकानाच्या नावावर दहा सिम आहेत, एक बंद करू का.