सावळघाटाआधी थांबलेली चार मिनिटं

जुलैमधली दुपार. पेठ तालुक्यात आवणी जोरात होती आणि पावसाला खळ नव्हता. आमच्या १०८च्या रुग्णवाहिकेला कॉल आला तो 'पोटदुखी, उलट्या' असा. पोचलो तर पंचावन्नच्या आसपासचे एक बाबा पडवीत आडवे पडलेले. भाताच्या खाचरातून त्यांना तसंच उचलून आणलं होतं, गुडघ्यापर्यंत चिखल. "पित्त झालंय, सोडा पाजलाय," मुलगा म्हणाला. बाबांचा हात बेंबीच्या वर, छातीवर नव्हे. पण कपाळावरचं पाणी पावसाचं नव्हतं. तो गार घाम होता. नाडी ५४, बीपी १०४/७०.

महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर आला. मी त्यांतलीच एक, बीएएमएस. पूर्वी ईसीजीची पट्टी हातात धरून मी फोनवर वर्णन करायचे, "सर, टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी वर दिसतोय." म्हणजे हृदयाच्या खालच्या बाजूने पाहणाऱ्या तीन रेघांत (लीडमध्ये) एसटी हा भाग वर उचललेला, झटक्याची खूण. पलीकडच्याने माझ्या शब्दांवर विसंबायचं. आता बाराही लीड टॅबवरून थेट नाशिकच्या तज्ज्ञांना दिसतात. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला हे मशीन नकोसं वाटायचं. दहा ठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवायचे, आलेख जाईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात गाडी चार किलोमीटर पुढे गेली असती, असा माझा हिशेब.

त्या दिवशी ओल्या छातीवर एकही इलेक्ट्रोड टिकेना. टॉवेलने अंग पुसलं, पुन्हा लावले. बाबा थंडीने कुडकुडत होते, त्यामुळे रेघ नुसती थरथरत होती. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बटणं शिकवली होती, ही थंडी कुणी शिकवली नव्हती. दोन ब्लँकेटं घातली, मिनिटभर वाट पाहिली, तेव्हा कुठे आलेख स्वच्छ आला. टू, थ्री, एव्हीएफ, तिन्हींत एसटी चढलेला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता, आणि तो पित्तासारखाच दुखतो. ॲस्पिरिन चघळायला दिली, सलाईनची सुई लावली, निघालो.

आलेख मात्र जाईना. स्क्रीनवर गोल फिरत राहिला.

"मॅडम, पुढच्या वळणावर वडापाशी रेंज येते. मग सावळघाट ओलांडेपर्यंत काही नाही. थांबवू का?" आमचे पायलट, म्हणजे गाडी चालवणारे मामा म्हणाले.

झटक्याचा पेशंट घेऊन गाडी उभी करायची? एवढ्या वर्षांत मी मामांना 'आणखी जोरात' एवढंच सांगत आले होते. एका हातात सॉर्बिट्रेटची गोळी होती. छातीचं दुखणं म्हटलं की जिभेखाली ही गोळी, हे हाताला इतकं सवयीचं झालेलं.

"थांबवा," मी म्हटलं.

आलेख गेला. दीडेक मिनिटात नाशिकच्या तज्ज्ञ मॅडमचा फोन. पहिलाच प्रश्न, "सॉर्बिट्रेट दिलीस?"

"नाही, हातात आहे."

"देऊ नकोस. व्ही-फोरचा इलेक्ट्रोड उजवीकडे लाव आणि पुन्हा पाठव."

उजव्या बाजूची लीडही चढलेली निघाली. म्हणजे झटका उजव्या कप्प्यापर्यंत गेला होता. असा दुबळा झालेला कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालतो. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, रक्त खालीच साचतं आणि बीपी कोसळतं. ते कोसळलं असतं तर पुढचा अख्खा घाट माझ्या हातात एक सलाईन आणि बिनरेंजचा टॅब. मॅडमनी अडीचशे मिली सलाईन जलद द्यायला सांगितलं, नाडी फार उतरली तर वाढवणारं ॲट्रोपिन सुईत भरून ठेवायला सांगितलं. "मी कॅथलॅब तयार ठेवते," म्हणाल्या. बंद रक्तवाहिनी उघडतात ती खोली.

सगळी मिळून चार मिनिटं. घाटात नाडी एकदा ४२ वर उतरली. ॲट्रोपिन भरलेलंच होतं. रामशेज दिसला तेव्हा बीपी ११० होतं. हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत न थांबता बाबांना सरळ आत घेतलं. हृदयाची उजवी रोहिणी पूर्ण बंद होती. स्टेंट पडला.

बाहेर बाकावर बाबांची बायको बसली होती, चिखलाचं लुगडं तसंच. मी सांगितलं, आता धोका कमी आहे. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "मग मघाशी वाटेत गाडी कशाला थांबवली गं बाय? मला वाटलं, गेलेच ते."

ती पुढे, मामांच्या शेजारी बसलेली. मागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. कळली ती एवढीच गोष्ट, की गाडी थांबली. त्या चार मिनिटांत मी आलेख पाहिला, मॅडमशी बोलले, इलेक्ट्रोड हलवला. तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

मामांनी त्या आठवड्यात वहीत पेठ रस्त्यावरच्या रेंजच्या जागा लिहून काढल्या: वड, शाळेची भिंत, पुलाच्या अलीकडचा उंचवटा. दुसऱ्या शिफ्टलाही ती वही दिली. आणि मी आता गाडी थांबवण्याआधी पुढची काच सरकवते, "मावशी, ते ठीक आहेत. नाशिकच्या डॉक्टरांना त्यांचं हृदय दाखवायला थांबतोय," असं सांगते, आणि चालणारी रेघ तिला दिसेल असा टॅब वळवते.