सोमवारी अजिंठा बंद

रविवारी रात्री नऊ वाजता फोनवर यादी आली. ‘उद्या सकाळी साडेसहा, हॉटेलच्या पोर्चमध्ये, अजिंठा फुल डे, ३८ जण.’ मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातानंच फोन उचलला, वाचलं आणि लाटणं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. आमच्या शहरातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, झोपेतून उठून सांगेल.

छत्रपती संभाजीनगरात मी १९ वर्षं गाइडचं काम करते. पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे. वर्षातून आठ-दहा तरी कामं कॉन्फरन्सची असतात: डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले, बी-बियाण्यांवाले. नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये सगळ्यात खाली एक चौकट असते, ‘ऑप्शनल टूर’. त्यावर खूण केली आणि वेगळे पैसे भरले की सहलीच्या बसमध्ये जागा मिळते. आयोजकांचा जीव हॉलमध्ये, जेवणात आणि प्रमुख पाहुण्यांच्या विमानात अडकलेला असतो. त्या चौकटीकडे शेवटपर्यंत कुणी वळून बघत नाही. पण ज्यानं खूण केलेली असते, त्याला त्यात काहीतरी हवं असतं. बहुतेकदा खूण करणारे डॉक्टर नसतातच, त्यांच्याबरोबर आलेले असतात. त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर नावाखाली ‘सोबतची व्यक्ती’ असं इंग्रजीत छापलेलं असतं.

हे अधिवेशन अस्थिरोगतज्ज्ञांचं होतं. घोळ कसा झाला ते मला नंतर कळलं. पत्रक वर्षभर आधी छापलं तेव्हा अधिवेशन शुक्रवारी सुरू होणार होतं. सहल ‘दिवस तिसरा’, म्हणजे रविवार. पुढे हॉल मिळेना म्हणून सगळं एक दिवस पुढे सरकलं. व्याख्यानांच्या तारखा बदलल्या, सहलीपुढे मात्र ‘दिवस तिसरा’ तसंच राहिलं.

मी टूरचं काम घेतलेल्या कंपनीच्या मुलाला फोन लावला. तो मुंबईहून आला होता, दोन रात्री झोपला नव्हता. आधी म्हणाला, गेटवर बघू, कुणाशी तरी बोलू. मी म्हटलं, तिथे कुणाशी बोलून उपयोग नाही, आत रंगवलेल्या भिंती आहेत, त्या दिवशी कुणालाच सोडत नाहीत. मग म्हणाला, “ताई, तुम्ही वेरूळला घेऊन जा ना. त्यांना काय कळणार? लेणी ती लेणीच.”

मला राग आला, पण त्या मुलावर ओरडून काय होणार होतं! मी म्हटलं, “वेरूळला नेते. पण बस सुटायच्या आधी सगळ्यांना खरं सांगीन. ज्यांना उतरायचं त्यांना उतरू द्यायचं आणि त्यांचे पैसे परत द्यायचे. तू आत्ता समितीशी बोल.” त्यानं बोलून घेतलं, हे त्याचं चांगलं. साडेदहाला निरोप आला, चालेल.

वेरूळ जवळ आहे, तीसेक किलोमीटर, त्यामुळे निघायची वेळ साडेसात केली. बसमध्ये चढून मी माइक घेतला आणि जे झालं ते सांगितलं. अजिंठा म्हणजे चित्रं आणि वेरूळ म्हणजे शिल्पं, एकाची भूक दुसऱ्यानं भागत नाही, हेही सांगितलं. चार जण उतरले. बाकीचे म्हणाले, चला.

पाचव्या रांगेत खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपास, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. श्रीलंकेतल्या कँडीहून आलेल्या. यजमान शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, त्यांचा निबंध त्याच दिवशी अकराला होता, म्हणून त्या एकट्याच होत्या. त्या उतरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बस सुरू झाल्यावर मी शेजारी जाऊन बसले तेव्हा एवढंच विचारलं, “मग सतरा नंबर बघायला मिळणार नाही?”

अजिंठ्याचं सतरावं लेणं. कॉन्फरन्सचे पाहुणे एक नंबरचा पद्मपाणी विचारतात, सव्वीसमधलं महापरिनिर्वाण विचारतात. सतरा नंबर स्वतःहून विचारणारं माणूस मला १९ वर्षांत क्वचित भेटलंय. त्या निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या. सतराव्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. सिंहल नावाचा व्यापारी, त्याचं जहाज फुटतं, राक्षसिणींच्या बेटावर लागतं, पांढरा उडता घोडा त्याला सोडवतो, आणि शेवटी राजा झालेला सिंहल हत्ती-घोडे जहाजात घालून त्याच बेटावर उतरतो. ते बेट म्हणजे सिंहलद्वीप. म्हणजे या बाईंच्या देशाच्या नावाची गोष्ट आमच्या डोंगरात पाचव्या शतकापासून रंगवून ठेवलेली आहे. वडिलांनी आणलेल्या एका पुस्तकात त्यांनी लहानपणी ते चित्र पाहिलं होतं, काळ्या-पांढऱ्या छपाईत. आणि मंगळवारी दुपारच्या विमानानं त्या मुंबईला आणि तिथून रात्री उशिरा कोलंबोला निघणार होत्या.

दौलताबाद येईपर्यंत मी गप्प बसून हिशेब केला. मंगळवारी अजिंठा नऊला उघडतो. परत शहरात येऊन दुपारचं विमान गाठणं अशक्य. पण परत यायचंच कशाला? अजिंठ्याहून पुढे साठ किलोमीटरवर जळगाव, हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. दुपारची गाडी धरली तर रात्री मुंबई. वातानुकूलित डब्याचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, म्हणजे हाताशी दोन तास होते. बाईंनी यजमानांना फोन लावून माझ्याकडे दिला. डॉक्टर म्हणाले, “लग्न झाल्यापासून ती मला त्या भिंतीबद्दल सांगत आलीय. तुम्ही सांगाल तसं करू.” मी दोघांची नावं, वयं माझ्या भावाला कळवली आणि त्याला म्हटलं, दहाच्या ठोक्याला तिकिटं काढायला बस.

तिकीटखिडकीवर पासपोर्ट गोळा केले. सार्क देशांतल्या पाहुण्यांना भारतीयांच्याच दरानं तिकीट मिळतं, हे गटातल्या नेपाळी जोडप्याला माहीत नव्हतं. पत्रकात तेही लिहिलेलं नव्हतं.

कैलास, म्हणजे सोळावं लेणं, मी आधी वरून दाखवते. शेजारच्या डोंगरवाटेनं चढून कडेला उभं केलं की माणसाला कळतं, हे बांधलेलं नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली फोडत आणलाय, आधी कळस, मग पाया. खाली दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आहे, वीस हातांनी जोर लावणारा. बाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे रावणाला आपला राजा मानणारे पुष्कळ लोक आहेत, म्हणाल्या. तेवढ्यात भावाचा मेसेज आला, दोन तिकिटं पक्की. मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी माझा हात धरला आणि कैलासाची प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत सोडला नाही.

एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, डॉक्टर मंडळी पुढे आणि मी मागे. तिथे काळ आणि कालीच्या मूर्ती आहेत, हाडांचे नुसते सापळे. एक ज्येष्ठ डॉक्टर चष्मा कपाळावर ढकलून हवेत बोटानं बरगड्या मोजत होते. “यानं हाडं हातात घेतलेली आहेत,” ते तरुण डॉक्टरांना म्हणाले, “नुसतं बघून एवढं येत नाही.” मी इतकी वर्षं त्या मूर्ती भयंकर म्हणून दाखवत आले होते. त्या दिवसापासून मी तिथे थांबून लोकांना गळ्याखालची हाडं बघायला सांगते.

जेवणानंतर दहावं लेणं. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, दुपारनंतर उजेड आत येतो, म्हणून मी हे मुद्दाम मागे ठेवते. विश्वकर्मा, गावातले लोक सुताराची झोपडी म्हणतात. कमानदार छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. वर बघून दोघं-तिघं डॉक्टर एकदम म्हणाले, “रिब्ज!” आणि समोर स्तूपाला टेकून पाय खाली सोडून बसलेला बुद्ध.

आत आधीच परभणीकडची मंडळी बसली होती. जीप करून आलेली, तीन-चार घरची माणसं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, मांडीवर पोरं. आमच्या बाईंनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. त्या पुढे गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि हात जोडून हलक्या आवाजात म्हणाल्या, “नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.”

हे तीनदा म्हणतात. पहिल्यांदा त्या एकट्या होत्या. दुसऱ्यांदा खांबाशी बसलेल्या एका म्हातारीचा आवाज मिळाला, बारीक, चिरका. तिसऱ्यांदा सगळी परभणी म्हणत होती, मांडीवरची पोरंसुद्धा. मग ‘बुद्धं सरणं गच्छामि’. त्या छताखाली आवाज विरत नाही, फिरत राहतो. आमच्या बाईंनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचा आवाज मोठा झाला. त्यांचा हेल वेगळा, आपला वेगळा, शब्द मात्र अक्षरशः तेच. माझे तीसेक जण भिंतीला लागून उभे होते, एकानंही फोन वर केला नाही.

संपल्यावर म्हातारीनं मला विचारलं, “कुठल्या गावच्या हो ह्या?”

“श्रीलंकेच्या आहेत, आजी.”

“मंजी आपल्याच की! आपले बाबासाहेब गेलते तिकडं.”

खरंच गेले होते, १९५० साली, बौद्ध परिषदेला. मी बाईंना ते इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. माझे वडील त्या परिषदेत स्वयंसेवक होते.” मी ते म्हातारीला मराठीत सांगितलं. ती उठली, गुडघे धरत आली आणि आमच्या बाईंच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही.

मंगळवारी पहाटे साडेपाचला दोघांना सामानासकट गाडीत घेतलं. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, घाट. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावून नऊची पहिली बस धरली आणि वाटेतलं एकही लेणं न बघता सरळ सतरावर गेलो. पायऱ्यांवर डॉक्टरांना दम लागला, बाईंना नाही.

आत गर्दी नव्हती. कर्मचाऱ्यानं दिवा उजव्या भिंतीकडे वळवला. मी नेहमीसारखं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बाईंचं बोट आधीच पोचलं होतं. कठड्याच्या अलीकडे उभं राहून त्या यजमानांना सिंहलीत सांगत होत्या. मला शब्द कळत नव्हते, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं: राक्षसिणींचं बेट, उडणारा घोडा, सिंहलाचा अभिषेक, आणि मग होड्या. होड्यांमध्ये उभे असलेले हत्ती, किनाऱ्याला लागताना. डॉक्टरांनी मान तिरकी करून काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या एका होडीपाशी थांबल्या होत्या.

“इथे हिरवा आहे,” त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. “पुस्तकात हे सगळं करडं होतं. मी मुलांना हे करडंच शिकवलं.”

जळगावची गाडी गाठायची तर साडेअकराला निघायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं. दहा वाजायचे होते. मी कर्मचाऱ्याला म्हटलं, दादा, दिवा जरा तसाच राहू द्या.