मावशींचा सकाळचा वेळ

तासगावात माझा दातांचा दवाखाना आहे. त्या दिवशी फेरतपासणीला काका-मावशी जोडीनं आले. काकांच्या खालच्या ओठाच्या आत, तंबाखूचा बार भरायच्या नेमक्या जागी, पांढरा चट्टा. मावशींच्या हिरड्या मिसरीनं काळवंडून दातांपासून सुटत चाललेल्या. सवय सुटावी म्हणून दोघांनाही निकोटिनचं च्युइंगम सुरू केलं होतं. "थोडं चावा, मग गालात दाबून ठेवा," असं सांगितलं तेव्हा काका म्हणाले होते, "ते आमाला शिकवाय नगं."

काकांचं जमलं होतं. द्राक्षबागेत छाटणीला गडी शेजारी तंबाखू मळत बसले, तरी त्यांनी हात पुढे केला नव्हता. मावशी च्युइंगमही खात होत्या आणि मिसरीही लावत होत्या.

"नाटकं हायती. मला जमतंय, हिला का जमंना?"

मावशी माझ्याकडे बघून बोलल्या. "पाटचं पायरीवर मिसरी लावत बसले की कुणी हाक मारत न्हाई. तेवढाच येळ माझा."

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत, ते ओढत असतानाच, डोपामाइन हे रसायन कुठं वाढतं ते स्कॅन करून पाहिलं. पुरुषांत ते नशेची गोडी लावणाऱ्या भागात झपाट्यानं वाढलं; बायकांत सवयीशी निगडित भागात. शिवाय बायकांचं शरीर निकोटिन लवकर निचरून टाकतं, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळं. त्यामुळंच की काय, नुसतं निकोटिन पुरवणाऱ्या गम-पट्ट्या त्यांना सरासरीनं कमी लागू पडतात. अभ्यास मोजक्या माणसांचा आणि सिगारेटचा. मिसरीला तो जसाच्या तसा चिकटवणं मला पटत नाही. पण 'नाटकं' म्हणणाऱ्या काकांना ऐकवायला एवढं पुरेसं होतं. त्यांना मी ते ऐकवलंही, जरा चढ्या आवाजात.

च्युइंगम तसंच चालू ठेवलं. तंबाखू भाजायचा तवा घरातून हलवायला सांगितला. त्या धुरात सुनेचं तान्हं खोकत होतं. पायरी सोडू नका म्हटलं, तिथंच ब्रश घेऊन बसा.

"ब्रशला कितीसा येळ लागतुया? सून लगीच म्हणंल, झालं का आत्ती, च्या ठेवा."

खरं होतं. मिसरीला पंधरा मिनिटं लागतात हे घरादाराला मान्य. ब्रशला ती सवलत नाही. म्हणून काकांच्या चिठ्ठीवर औषधाखाली लिहिलं : सकाळचा पहिला चहा काकांनी करायचा.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मावशी पदर सावरत उठल्या. "त्यास्नी ग्यास पेटवाय येत न्हाई, मॅडम. त्येचं बी शिकवा."