आमची वाटचाल: ओळंबा आणि तीन इंच

पणजीत फोंताइनेश या जुन्या वस्तीत किचन बसवायचं पहिलं काम मिळालं तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि मेस्त, म्हणजे आमचे सुतार. घर लांबुळकं, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, किचन एकदम मागे, उजेड काय तो परसदारातून. मी टेपने जमिनीलगत माप घेतलं, सात फूट चार इंच, आणि वर्कशॉपमध्ये सगळी कॅबिनेट बनवून टेम्पोत घातली. आता चिऱ्याची जुनी भिंत, वर चुन्याचा गिलावा, मध्येच पोट सुटलेलं असतं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण मी विसरलो. ओट्याच्या उंचीला सात फूट एक इंचच निघालं. मेस्तनी खिशातून पितळेचा ओळंबा काढून नुसता भिंतीला लावला, बोलले काहीच नाहीत.

मालकाने बाकीचे पैसे अडकवले, ते ठीक, चूक माझीच. पण एका मोठ्या शोरूमवाल्याने (नाव नको) त्या उरलेल्या कॅबिनेटचा फोटो गिऱ्हाइकांना दाखवत फिरावं, 'ह्यांना टेप धरता येत नाही' म्हणून? तीन ऑर्डरी गेल्या. प्लायवाल्याची उधारी थकली, टेम्पो विकला. अजून तो माणूस म्हापशाच्या बाजारात दिसला की मी मासळीकडे वळतो.

वाचवलं ते त्याच गल्लीतल्या आजीने. फोटो तिनेही बघितलेला. मी कॅटलॉग उघडला तर म्हणाली, "तें ऱ्हांव दी, रगडो खंय दवरतलो?" (ते राहू दे, वाटणाचा दगडी रगडा कुठे ठेवणार?) रगडा आणि खोबरं खवायला विळीवर बसायची जागा, बाकी तुझं तू बघ, आणि अर्धे पैसे आगाऊ. एका बाजूला 24 इंची ओटा, समोर 14 इंची खण, रगडा मागच्या दाराशी उजेडात. भिंतीला लागणारी पट्टी मेस्तनी जागेवरच रंध्याने तासून तासून बसवली, दोन दिवस गेले त्यात.

पुढे कामं येत गेली, बरं चाललं. विचारलं नाहीत तरी सांगतो, माप तीन उंचींवर घ्या, प्लाय 710 मार्कचाच (पाणी सोसणारा) घ्या, कॅबिनेटच्या मागे इंचभर हवा ठेवा आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका, ओल आतच कोंडते. फोंताइनेश कन्झर्वेशन झोन आहे, जुनी घरं जपायचा भाग, चिमणीचा पाईप रस्त्याकडे काढायचा विचारही नको.

मेस्त आता गुडघ्यांमुळे येत नाहीत, ओळंबा माझ्याकडे असतो. आजीचा दर चतुर्थीला फोन येतो, ड्रॉवर अडकतो म्हणून. जाऊन बघतो तर ड्रॉवर ठीक असतो, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा भरून ठेवलेला असतो.