ब्याऐंशीवा दिवस

हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्जखाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे वसुली धोक्यात आलेले, ठरते, म्हणून आम्ही बँकवाले साधारण ऐंशी दिवस उलटले की थकबाकीदाराच्या दारात उभे राहतो. गेल्या महिन्यात अशाच एका ब्याऐंशीव्या दिवशी मी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये गेलो. मालक पंचविशीतला, दांडिया बाजारातल्या मराठी घरातला मुलगा. मुद्रा योजनेच्या 'तरुण' या 5 ते 10 लाखांच्या कर्जगटातून, तारणाशिवाय, 8 लाखांचे त्याचे कर्ज मीच मंजूर केले होते.

शटर बंद असेल असे मी धरून चाललो होतो, पण लेथ चालू होता. पितळी बुशचे टर्निंग चालले होते. मला पाहताच त्याने मशीन थांबवले, चिंधीला हात पुसले आणि एका नगाला व्हर्नियर हे मापयंत्र लावून तो माझ्यापुढे धरला. "काका, सहा महिन्यांत एकही नग परत आलेला नाही." मग त्याने बिलांची फाइल काढली. एकाच मोठ्या कारखान्याकडे तीन बिलांचे 2,60,000 रुपये अडकले होते आणि सर्वांत जुने बिल 118 दिवसांचे होते. हप्ता साडेसतरा हजारांचा!

2006च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात, आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारदरबारी असा उद्योग म्हणून नोंद, होती. मी म्हणालो, "थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज कर." तो म्हणाला, "व्याज मिळेल काका, पण पुढची ऑर्डर मिळणार नाही." यावर मला बोलता आले नाही.

शाखेत परतल्यावर मी त्याचा कर्जाच्या अर्जासोबतचा प्रकल्प अहवाल काढला. गिऱ्हाइकांकडून पैसे येईपर्यंतचा उधारीचा काळ 30 दिवस, खेळते भांडवल 50,000 रुपये. तयार अहवाल विकणाऱ्या एजंटाने बेकरीला आणि शिवणकामालाही हेच आकडे लिहिलेले मी पाहिले आहेत. तरीही खाली सही माझी आहे. ज्या गावात सयाजीरावांनी 1890मध्ये कलाभवन काढले, तिथे हातात कसब असलेल्या मुलांची वाण नाही. मेळाव्यात व्यासपीठावरून त्यांना मंजुरीपत्रे दिली जातात, मशीनसाठी पैसे मिळतात. पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्याने, चार महिने पैसे दिले नाहीत तर पितळ कशाने आणायचे, हे मात्र कोणीच सांगत नाही.

त्याला दोन लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे गरजेप्रमाणे उचलता येणारे खेळते भांडवल, द्यावी, असा प्रस्ताव मी वर पाठवला. थकलेल्या खात्याला वाढीव कर्ज देता येत नाही, असे उत्तर आले. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी एक बिल सुटले आणि त्याने सर्वांत जुना हप्ता भरला. बाकीची दोन बिले अजून तशीच आहेत.

काल एका मुलीचा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या व्यवसायासाठी अर्ज आला. अहवालात पुन्हा 30 दिवस. तीन पार्ट्यांना भेटून खरा आकडा घेऊन ये, असे मी तिला सांगितले आहे. अर्ज माझ्या टेबलावर आहे.