जलपरीचा दागिना

काळी चांदी म्हणजे मळलेली चांदी, यावर आमच्या आईचा ठाम विश्वास आहे. गौरी-गणपती जवळ आले की निरांजनं, करंडा, पैंजण, सगळं घासून लख्ख. त्या तडाख्यात सुट्टीवर आलेल्या भाचीच्या ब्रेसलेटवरची जलपरी सापडली. करंगळीच्या नखाएवढा चार्म, म्हणजे ब्रेसलेटला लटकवायचा छोटा दागिना. शेपटीवर खवले आणि खवल्यांच्या खाचांत मुद्दाम धरवलेला काळा थर. गंधकाची क्रिया करून चांदी अशी काळवंडवतात, मग उंचवटे तेवढे पुसून चमकवतात. तेव्हा कुठे एवढ्याशा तुकड्यावरचं कोरीव काम डोळ्यांत भरतं. आईने टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन ते काळं काढून टाकलं. आता परीचे नाक-डोळे शोधावे लागतात. कडीवरचा ९२५चा शिक्का मात्र शाबूत आहे; म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. निव्वळ चांदी फार मऊ, रोज मनगटावर आपटून टिकायची नाही.

भाची डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला शिकते; जलपरीची प्रसिद्ध गोष्ट त्याच देशातली, त्यामुळे जलपरी येणारच होती. चार्मच्या ब्रेसलेटची अलीकडची लाट ज्यांनी आणली ती पॅन्डोरा कंपनीसुद्धा तिथलीच. १९८२ साली लहानसं दुकान म्हणून सुरू झालेली; ब्रेसलेट आलं २००० साली. दागिने घडतात मात्र मुख्यतः थायलंडमध्ये.

जलपरीचे चार्म बघायला बसलं तर शेपट्या, शिंपले, तारामासे, मोती यांची रेलचेल. डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३७ साली लिहिलेली जलपरीची मूळ गोष्ट वाचली की या यादीत काय नाही ते कळतं. चेटकीण परीची जीभ कापून घेते. पाय मिळतात, पण दर पावलाला सुऱ्यांवरून चालल्यासारखं होतं. एवढं करून, ज्याच्यासाठी हे सगळं तो राजपुत्र लग्न करतो दुसरीशीच. मग बहिणी आपले लांबसडक केस चेटकिणीला देऊन एक सुरी आणतात, राजपुत्राला मार आणि परत ये म्हणून. ती सुरी समुद्रात भिरकावते. सुरीचा चार्म कुणी केलेला मी पाहिला नाही, आणि दुकानदारांना दोषही देत नाही. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, मग वाढदिवसाला चांदीची कोण देणार?

केसांचं मात्र जमलं असतं. व्हिक्टोरिया राणीकडे एक ब्रेसलेट होतं, १८४० साली पहिली मुलगी झाली तेव्हा नवऱ्याने, अल्बर्टने दिलेलं. मूल जन्मलं की एक मिन्याची, हृदयाच्या आकाराची डबी त्यात वाढायची आणि डबीत त्या बाळाचे केस. अशा नऊ डब्या झाल्या.

पण मला निवड करायची असती तर मी वेगळंच काही घेतलं असतं. गोष्टीतली परी पंधरा वर्षांची होते, तिला पाण्यावर जाऊन जग बघायची मोकळीक मिळते, तेव्हा आजी तिला नटवते. डोक्यावर पांढऱ्या लिलींचा गजरा, त्यातली एकेक पाकळी म्हणजे अर्धा मोती. शेपटीला आठ मोठाली कालवं, घराण्याचा मान दिसावा म्हणून. नात म्हणते, दुखतंय. आजी म्हणते, मिरवायचं तर सोसायला हवं. कासारापुढे माझा हात घट्ट धरून बसणाऱ्या माझ्या आजीचंही हेच म्हणणं असायचं. परीला वाटतं, हे जड ओझं उतरवून टाकावं, आपल्या बागेतली लाल फुलंच बरी शोभली असती. पण आजीपुढे कोणाचं चालतं? परीकथेतल्या दागिन्याचं इतकं खरं वर्णन मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

कोपनहेगनच्या किनाऱ्यावर १९१३ पासून बसलेल्या काशाच्या जलपरीच्या अंगावर एकही दागिना नाही. लोकांनी तरीही तिला सोडलं नाही. १९६४ साली आणि पुन्हा १९९८ साली तिचं डोकंच कापून नेलं.

भाचीसाठी कालवांचा चार्म कुठे मिळेना, म्हणून आमच्या सोनारकाकांना विचारलं. मोबाइलवरचा फोटो त्यांनी चष्मा वर करून पाहिला. म्हणाले, "होईल की. पण चांदीपेक्षा मजुरी जास्त पडेल. आणि कडा घासून गुळगुळीत करून देतो हं, नाहीतर पोरीला टोचतील."

"टोचू देत," मी म्हटलं. काकांनी वहीत तसं लिहून घेतलं नाही.